सान ग्रातोच्या दोन खुर्च्या

सेकोंदो ओदास्सो हा सान ग्रातो गावचा रंगारी. गावातल्या बहुतेक घरांच्या भिंती त्याच्या हाताखालून गेलेल्या. कुणाच्या छताला ओल येते, कोण बायकोशी भांडून बाहेरच्या खोलीत झोपतो, हे त्याला शिडीवरून दिसायचं आणि तो ते कुणाला सांगायचा नाही. म्हणूनच असेल, बाप गेल्यावर चर्चच्या किल्ल्या आपसूक त्याच्याकडे आल्या. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, रविवारी दानाची टोपली फिरवायची. या कामाला पगार नव्हता. मान होता, आणि तो मान मुख्यतः दोन खुर्च्यांमुळे होता.

या खुर्च्या गावच्या जहागीरदाराने चर्चला दिल्या होत्या. कधी दिल्या ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं. जहागीरदाराचं घराणं संपलं, त्याच्या वाड्याच्या जागी आता ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. खुर्च्या मात्र राहिल्या. उंच पाठीच्या, वाकड्या पायांच्या, अंगभर कोरीव काम. पाठीवर शिंपला, कडेने वळत गेलेली पानं, आणि हात जिथे टेकायचे तिथे दोन्हीकडे गुबगुबीत गालांच्या पोरांची डोकी. पुढून सगळं सोनेरी. मागून मात्र साधं उघडं लाकूड, कारण जहागीरदाराच्या दिवाणखान्यात त्या भिंतीला टेकून असायच्या आणि जे दिसत नाही त्यावर सोनं घालवण्याइतका तो उधळा नव्हता.

सान ग्रातोमधलं प्रत्येक लग्न या दोन खुर्च्यांवर झालेलं. नवरा-नवरी वेदीसमोर उभे राहत, फादर हाताने खूण करत, आणि दोघं एकदम बसत. त्या क्षणी सगळं चर्च श्वास रोखून ऐकायचं. ज्याची खुर्ची आधी करकरेल, त्याने जन्मभर दुसऱ्याचं ऐकायचं. फादर तार्चिझियो नवीन आले तेव्हा त्यांना हा प्रकार पटला नव्हता. पुढे त्यांनीही बसण्याची खूण केल्यावर जरा थांबायला सुरुवात केली.

आता यातली गंमत अशी, की दोहोंपैकी एकच खुर्ची करकरायची. तिचा मागचा डावा पाय सैल होता. ती कोणती, हे फक्त सेकोंदोला ठाऊक, आणि त्याच्या आधी फक्त त्याच्या बापाला. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात नवरीची आई हळूच त्याच्या घरी हेझलनटची पिशवी ठेवून जायची. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा बाप दोल्चेत्तो वाइनची बाटली आणायचा. सेकोंदो दोन्ही ठेवून घ्यायचा आणि खुर्च्या आपल्या मनाने मांडायचा. त्याच्या स्वतःच्या लग्नात खुर्च्या बापाने मांडल्या होत्या. सेकोंदो टेकला आणि खुर्ची अशी ओरडली की शेवटच्या बाकावरची माणसं हसली. बायको मारियुच्चा त्यावर अजून म्हणायची, "तुझ्या बापाला मुलापेक्षा सून कळली होती."

दर वर्षी सप्टेंबरात संत ग्रातोचा सण येतो. गारपिटीपासून पीक राखणारा हा संत. तोवर हेझलनट झाडांवरून उतरून अंगणात वाळत पडलेले असतात आणि लोकांना देवाकडे बघायला सवड असते. सणाच्या आधी सेकोंदो खुर्च्या चर्चमागच्या खोलीत नेऊन रंगवायचा. ही बापाची शिकवण. पितळेची बारीक पूड वार्निशात कालवायची, मऊ ब्रशने हलक्या हाताने फिरवायची, जिथे सोनं काळवंडलं असेल तिथे दोनदा. कोरीव पानांच्या खाचेत ब्रश शिरत नाही, तिथे काडीला कापूस गुंडाळून. त्या रंगाचा डबा घरी फडताळात खारवलेल्या माशांच्या बरणीशेजारी असायचा, आणि यावरून दर वर्षी भांडण व्हायचं.

"एक दिवस चुकून पास्त्यात घालीन," मारियुच्चा म्हणायची.

"घाल. आतून चमकेन."

सणाच्या सकाळी उन्हाची तिरीप खुर्च्यांवर पडली की म्हाताऱ्या बायका क्रूसाची खूण करायच्या. चौकातल्या बारची मालकीण ओत्ताविया चर्चला फारशी फिरकायची नाही. तीसुद्धा दारातून डोकावून म्हणायची, "सेकोंदो, माझ्या दातांवरही जरा ब्रश फिरव." त्या एका सकाळी सेकोंदो गावचा रंगारी नसायचा.

मग एका उन्हाळ्यात खाटकाच्या मुलीचं लग्न झालं. दिवस दमट होता. फोटो काढायला नवरी बाहेर आली तेव्हा तिच्या पांढऱ्या पोशाखावर खांद्यापाशी हिरवट डाग होता. खुर्चीचा. खाटकाची बायको चिडली, खाटीक हसला, प्रकरण मिटलं. पण सेकोंदोने खुर्च्या नीट पाहिल्या आणि त्याला ते दिसलं, जे तो काही वर्षं बघायचं टाळत होता. खाचांमधून सोनेरी रंग हिरवा पडत चालला होता, पोरांच्या गालांवर काळं चढलं होतं. नवा हात दिला की आठवड्यात परत तेच.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याच्या स्वतःच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. नोएमी एकुलती एक, जवळच्या आल्बा शहरात दातांच्या डॉक्टरकडे कामाला. नवरा मुलगा इव्हानो ट्रक चालवायचा. मोठ्या अंगाचा, थोडं बोलणारा पोरगा. लहानपणी नोएमी चर्चमागच्या खोलीत बापाचं रंगकाम बघत बसायची आणि त्या लाकडी पोरांची नाकं पुसायची. तिचा पोशाख पांढराशुभ्र असणार होता. सेकोंदोला पहिल्यांदाच आपल्या ब्रशवर भरवसा वाटेना.

तो फादरकडे गेला. "फादर, एकदा शहरातल्या माणसाला दाखवू या का? चांगला जाणकार. कोणता रंग टिकेल तेवढं सांगेल."

"कशाला? तू करतोस ते वाईट आहे का?"

"नोएमीचं लग्न आहे."

फादरनी तूरीनला जुन्या कलावस्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात फोन केला. पुढचं सगळं त्या एका फोनातून झालं, आणि तो फोन करायला सेकोंदोनेच सांगितलं होतं.

नोव्हेंबरात, धुक्याच्या दिवशी, त्या खात्यातून डॉक्टर सार्तोरिस नावाची बाई आली. बारीक चणीची, पायात चालायचे बूट, कपाळावर बांधायचा दिवा. तिने खुर्च्या उलट्या केल्या, हुंगल्या, नखाने वाजवल्या. सेकोंदो बाजूला टोपी हातात घेऊन उभा.

"हा रंग कुणी लावलाय?"

"मी," तो म्हणाला. त्याला वाटलं, बाईला काम आवडलं. "दर वर्षी लावतो. माझ्या आधी बाबा लावायचे. त्यांच्या आधी पण कुणीतरी असेल. डबा आणून दाखवू?"

बाईने पिशवीतून एक बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि एका पोराच्या गालावर गोल गोल फिरवू लागली. बोळा हिरवा झाला, मग तपकिरी, मग काळा. तिने नवा घेतला. कितीतरी बोळे जमिनीवर पडले. शेवटी तिने दिवा जवळ धरला. "या. बघा."

बोटाच्या नखाएवढी जागा उघडी झाली होती. तिथलं सोनं चमकत नव्हतं. ते आतून उजळल्यासारखं होतं, अंड्याच्या बलकासारखं दाट, आणि कडेला जिथे झिजलं होतं तिथून सोन्याखाली अस्तर म्हणून दिलेली तांबडी माती दिसत होती, कातडीखाली रक्त दिसतं तशी. सेकोंदोने आयुष्यभर ज्याला सोनं म्हणून उजाळा दिला, ते सोनं त्याने आज पहिल्यांदा पाहिलं.

"हा वर्ख आहे. खरा," बाई म्हणाली. "अडीचशे वर्षांपूर्वीचा. तुमचा रंग त्याच्यावर घट्ट बसलाय. काढताना थोडा वर्खही जाणार. किती, ते आत्ता सांगता येत नाही."

"म्हणजे मी खराब केल्या?"

"तुम्ही एकट्याने नाही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

खुर्च्या गोधड्यांत गुंडाळून व्हॅनमधून गेल्या. सप्टेंबरच्या आधी परत येतील, असं बाईने सांगितलं आणि ते तिने पाळलं.

हिवाळाभर बारमध्ये दुसरा विषय नव्हता.

"गावातल्या पोरांनो, वर्षभर लग्नं थांबवा," ओत्ताविया कॉफी पुढे सरकवत म्हणायची. "करकरल्याशिवाय घरात सत्ता कुणाची ते कळायचं नाही."

"इव्हानोला काय कळायचं राहिलंय?" पत्ते खेळणाऱ्यांतून कुणीतरी. "नोएमी गाडीत बसली की ट्रकचा हॉर्नसुद्धा तिला विचारून वाजतो."

"सेकोंदो, खरं सांग, करकरणारी जावयाला देणार ना?"

"दोन्हीकडच्या बाटल्या बघून ठरवू," सेकोंदो म्हणायचा. सगळे हसायचे. तोही हसायचा.

वसंतात तो नोएमीला घेऊन तूरीनला गेला. मारियुच्चाने हेझलनटचा केक करून दिला होता. "त्या बाईला दे. आणि तोंड उघड जरा. 'सप्टेंबर' म्हणून सांग तिला." बाईच्या कार्यशाळेच्या दारातच केक बाजूला ठेवायला लावला, आत खायचं काही चालत नाही. एक खुर्ची टेबलावर आडवी होती, पाय वर, दवाखान्यातल्या आजाऱ्यासारखी. पांढऱ्या झग्यातली दोन तरुण माणसं भिंगातून बघत, पात्याने रंग खरवडत होती. अर्ध्या पाठीवरून रंग गेला होता. कुठे सोनं, कुठे तांबडं, कुठे खालचा पांढरा थर, कुठे नुसतं लाकूड.

"मग आता यावर नवीन वर्ख लावणार," सेकोंदो म्हणाला.

"नाही," डॉक्टर सार्तोरिस म्हणाली. "आहे तेवढंच राखायचं. नवीन घातलं तर जुनं कुठलं आणि आपलं कुठलं ते कळणार नाही."

नोएमी म्हणाली, "पण लग्नात अशी दिसेल? डाग पडल्यासारखी?"

बाईने तिच्याकडे पाहिलं. लग्नाचं तिला बहुतेक पहिल्यांदाच कळत होतं. तिने खुर्चीचा सुटा केलेला हात उचलून नोएमीच्या हातात दिला. तो कागदी खोक्यासारखा हलका होता. आतून किडीने पोखरून पीठ केलं होतं.

"पायही असेच आहेत. आम्ही आत औषध भरतोय, पण जे लाकूड नाहीच ते कुठून आणणार? तुमच्या वडिलांच्या रंगाने आणि सरसानेच इतकी वर्षं ते धरून ठेवलं होतं. आता या खुर्च्या स्वतःचं वजन पेलतील. माणसाचं नाही."

"एक दिवस? फक्त तेवढा वेळ?" सेकोंदोने विचारलं.

"ओदास्सो, कधी ना कधी एखादी नवरी खुर्चीसकट खाली आली असती. ती करकर कशाची होती असं तुम्हाला वाटतं?"

परतीच्या गाडीत बापलेक खिडकीबाहेर बघत बसले. केक दाराशीच विसरला होता.

"पापा, तुम्ही फोन करायला सांगितलंच नसतं तर?" नोएमीने विचारलं.

"तर तू बसली असतीस."

"आणि पडले असते?"

"ते नाही माहीत."

खरंच माहीत नव्हतं. पुढे त्याला कुणी काही बोललं की त्याचा विचार इथवर येऊन थांबायचा. बाई चूक होती असं म्हणायला जागा नव्हती. तिने खुर्च्या वाचवल्या होत्या. पण ज्या कामासाठी त्या त्याला हव्या होत्या, ते काम सोडून.

ऑगस्टच्या शेवटी खुर्च्या आल्या. डाव्या बाजूच्या लहान वेदीपाशी चौथरा केला, पुढे लाल दोरी लावली, बसू नये म्हणून पाटी. रविवारी सगळं गाव बघायला जमलं.

"एवढ्या महिन्यांत अर्धीच रंगवली?" खाटीक म्हणाला.

"पैसे संपले असतील सरकारचे."

एका म्हातारीने चष्मा लावून नीट बघितलं आणि सेकोंदोचा दंड थोपटला. "तुझ्या हाताची सर नाही हो. तू होतास म्हणून इतके दिवस बऱ्या होत्या." सेकोंदोने लाल दोरी ओढून सरळ केली.

घरी मारियुच्चाचं तोंड सुटलं. "किल्ली कुणाकडे आहे? तुझ्याकडे. दोरी सोडायला काय लागतं? पोरगी बसेल, उठेल, परत बांध दोरी. तुझा बाप असता तर त्याने विचारलंही नसतं."

"मोडली तर?"

"मोडली तर मोडली! आपली आहे ना?"

ती आपली आहे का, हा प्रश्न त्याला आधी कधी पडला नव्हता. तो फादरकडे गेला आणि खुर्च्यांबद्दल न बोलता फुलांबद्दल बोलत राहिला. फादरनीच शेवटी विषय काढला. "सेकोंदो, मला कळतंय. पण त्या परत घेताना, कुणी बसणार नाही असं लिहिलेल्या कागदावर माझी सही आहे. आणि माझी सही नसती तरी, इव्हानोचं वजन तू बघितलंयस."

लग्नाच्या आदल्या दुपारी त्याने चर्चमागच्या खोलीतून गवताने विणलेल्या दोन साध्या खुर्च्या वेदीसमोर मांडल्या. नोएमी फुलं घेऊन आली. ती खुर्च्यांकडे बघून लहानपणी विचारायची तसं म्हणाली, "पापा, यांना थोडं सोनेरी लावाल? वरच्या पट्टीला तरी. तुमच्या हाताचं."

"लावतो."

ती खूश होऊन गेली. तो घरी जाऊन डबा घेऊन आला, रंग कालवला. पहिल्या खुर्चीच्या वरच्या पट्टीवर ब्रश टेकवला आणि सवयीच्या हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. रंग छान बसला. त्याने मान वर केली. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन लहान वेदीवर गेलं होतं आणि दोरीपलीकडे जे उरलंसुरलं सोनं होतं, ते पेटल्यासारखं दिसत होतं. त्याने परत आपल्या पट्टीकडे पाहिलं. ते पितळ होतं. नळाच्या तोटीला असतं तसं पितळ. इतकी वर्षं ते त्याला कधी तसं दिसलं नव्हतं आणि आता दुसरं काही दिसेना.

दुसरा हात देऊन बघावा म्हणून त्याने ब्रश बुडवला. मग तो तसाच डब्यात ठेवला. फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून त्याने पट्टी पुसून काढली. जोर लावून पुसली. लाकूड ओलं दिसत होतं, एवढंच.

"झालं का रंगवून?" मारियुच्चाने घरी विचारलं.

"उद्यापर्यंत वाळलं नसतं."

"मग आठवडाभर आधी का नाही सुचलं?" ती म्हणाली आणि डबा जागेवर ठेवायला गेली. या वेळी तिने तो माशांच्या बरणीशेजारी ठेवला नाही. खाली, झाडूमागे ठेवला.

लग्नाला गाव लोटलं. बारला कुलूप लावून ओत्तावियासुद्धा आली. सेकोंदोने मुलीला हाताला धरून वेदीपर्यंत आणलं, इव्हानोच्या हाती दिलं, आणि मग नेहमीच्या जागी, बाजूच्या खांबापाशी, जाऊन उभा राहिला. फादरनी हाताने खूण केली. आणि सवयीने थांबले.

दोघं बसले. सगळ्या चर्चने कान टवकारले, शेवटच्या बाकापर्यंत. गवताच्या खुर्च्या नव्या होत्या. काही वाजलं नाही.

कुणीतरी खोकलं. फादर भानावर आले आणि त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं.

पहिलं वाचन संपलं आणि बायबलमधलं शुभवर्तमान उभ्याने ऐकायला सगळे उठले. नोएमीही उठली, आणि खांबापाशी उभ्या असलेल्या सेकोंदोला तिची पाठ दिसली. खांद्यांच्या खाली, पांढऱ्या रेशमावर, आडवी बोटभर रेघ होती. सोनेरी, कडेला हिरवट. पट्टीच्या खाचेत राहिलेला रंग रात्रभर चिकट राहिला होता.

इतरांना अजून दिसलं नव्हतं, निदान त्याला तसं वाटलं. मग पहिल्या बाकावरून मारियुच्चाने मान वळवली आणि थेट त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर या वेळी टोमणा नव्हता.

काय करायचं? पुढे जाऊन पुसणार कशाने? टर्पेंटाइनने रेशमावर मोठा चट्टा उठला असता, नुसत्या फडक्याने डाग पसरला असता. रंगाच्या बाबतीत एवढं त्याला नक्की कळत होतं. नोएमी परत बसली. पट्टी परत त्याच जागी टेकली. ती इव्हानोकडे बघून हसली. तिला अजून काही ठाऊक नव्हतं आणि बाहेर फोटोंपर्यंत ठाऊक होणार नव्हतं.

पुढे दानाची वेळ झाली. ते काम सेकोंदोचं. त्याने कोपऱ्यातली टोपली उचलली आणि पहिल्या बाकापासून फिरवायला सुरुवात केली.